जुन्या लॅपटॉपचे वायफाय कार्ड डेबियनमध्ये दिसते, पण चालत नाही

मलप्रभाकाठ | १४ जुलै २०२४, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी.

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे, आमच्या गावात एका खोलीचे वाचनालय आहे आणि निवृत्त झाल्यापासून त्याची किल्ली माझ्याकडे असते. पुण्याच्या पुतण्याने आपला पडून असलेला लॅपटॉप मुलांसाठी दिला. यंत्र २०१४ सालचे, मेमरी ४ जीबी. त्यावरचे विंडोज सुरू व्हायला इतका वेळ लागे की तेवढ्यात मुले गोष्टीचे पुस्तक उघडून बसत, त्यामुळे ते मंद असल्याचे मला एरवी वाईट वाटले नसते. पण सरकारी पाठ्यपुस्तके उतरवून घेणे आणि शब्दकोश पाहणे एवढे तरी त्यावर व्हावे म्हणून मी डेबियन या मोफत लिनक्स प्रणालीच्या १२.५ आवृत्तीची, एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असलेली लाइव्ह प्रतिमा (पेनड्राइव्हवरून थेट चालणारी प्रत) पेनड्राइव्हवर घेतली आणि यंत्रावर बसवली.

पडदा, आवाज, टचपॅड, मराठी आणि कन्नड हे दोन्ही इनस्क्रिप्ट कळफलक, सर्व काही पहिल्या दिवशीच सुरळीत चालले. वायफाय मात्र नाही. पट्टीवरील नेटवर्कच्या चिन्हावर टिचकी मारली की फक्त तारेच्या जोडणीचा उल्लेख येतो. वायफाय हा शब्दच त्या यादीत नाही. डेबियन १२ पासून मुक्त नसलेले (ज्याचा कोड उघडा नाही असे) फर्मवेअरही अधिकृत प्रतिमेतच दिलेले असते असे वाचले होते, म्हणून हा प्रश्न येणार नाही अशी माझी समजूत होती.

मागील आठवड्यात खानापुरात भाच्याच्या घरी जाऊन त्याच्या संगणकावर ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस नावाचे पॅकेज उतरवले, कारण लॅपटॉपच्या पोटावरील कागदावर ब्रॉडकॉम असे छापलेले आहे. घरी येऊन डीपीकेजी या पॅकेजे बसवणाऱ्या आज्ञेने ते बसवू लागलो, तर त्याला आधी डीकेएमएस हवे होते. पुन्हा बस, पुन्हा खानापूर. डीकेएमएस आणले, तर त्याला आणखी चार पॅकेजे हवी होती. एका पत्रासोबत दुसऱ्या कार्यालयाची पावती जोडा असे सांगणाऱ्या खिडकीपुढे उभा असल्यासारखे वाटले. शेवटी सगळी पॅकेजे बसली, चूक म्हणून काही दिसले नाही, यंत्र पुन्हा सुरू केले, आणि वायफाय पूर्वीप्रमाणेच गायब. पुढे काय करावे?

निपाणीकर | १४ जुलै, रात्री १०:०५

आधी आरएफकिल लिस्ट ही आज्ञा देऊन पाहा. त्यात हार्ड ब्लॉक असे आले तर यंत्राच्या कडेचे बटण किंवा कळफलकावरील विमानाची कळ दाबावी लागते. सॉफ्ट ब्लॉक आले तर आरएफकिल अनब्लॉक ऑल पुरते. माझ्या लॅपटॉपमध्ये एकदा निव्वळ त्या कळेवर बोट पडल्याने तीन दिवस गेले होते.

माझाही एक प्रश्न आहे. माझे वायफाय चालते, पण राउटरच्या शेजारी बसले तरच. दुसऱ्या खोलीत गेलो की संपते. वेगळा धागा काढू की येथेच विचारू?

टिळकवाडीकर | १४ जुलै, रात्री १०:४०

येथेच विचारा, प्रश्न शेजारचाच आहे. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे. टर्मिनलवर अर्थातच त्या रोमन अक्षरांत टंकाव्यात.

मलप्रभाकाठ, लॅपटॉपच्या पोटावरील कागदावर विसंबू नका. त्यावरून कंपनी कळते, कार्ड कळत नाही. एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये कंपनीने दोन-तीन प्रकारची कार्डे घातलेली असतात. इतकेच नव्हे, एकाच नावाच्या चिपलाही दोन वेगळे क्रमांक असू शकतात आणि दोघांची गरज वेगळी असते. बीसीएम४३१२ या नावाची कार्डे पाहा: ज्याचा क्रमांक ४३१५ आहे त्याला एलपी-फाय प्रकारचे वेगळे फर्मवेअर लागते, आणि ४३१२ क्रमांकाच्या कार्डाला ते चालत नाही. म्हणून नाव न विचारता क्रमांक विचारावा.

एलएसपीसीआय -एनएनके ही आज्ञा द्या आणि त्यात नेटवर्क हा शब्द ज्या ओळीत असेल ती ओळ, शेवटच्या चौकटी कंसातील क्रमांकासह, येथे लिहा. क्रमांकाचा पहिला भाग कंपनीचा असतो: १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १६८सी म्हणजे अथेरॉस. दुसरा भाग कार्डाचा. त्या ओळीखाली कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, कोणता ड्रायव्हर वापरला आहे तेही येते. त्याबरोबर यूनेम -आर आणि डीकेएमएस स्टेटस या दोन आज्ञांचे उत्तर द्या. लॅन केबल लावून पाहिली का?

निपाणीकर, आपणही तेच करा.

मलप्रभाकाठ | १५ जुलै, सकाळी ७:२०

काल रात्री वीज गेली ती पहाटे आली. पावसाळ्यात आमच्याकडे हे चालायचेच. उत्तरे लिहून ठेवली आहेत.

कार्डाचे नाव बीसीएम४३१४२, क्रमांक १४ई४:४३६५. वापरात असलेला ड्रायव्हर बीसीएमए-पीसीआय-ब्रिज. यूनेमचे उत्तर ६.१.०-१८-एएमडी६४. डीकेएमएसच्या उत्तरात ब्रॉडकॉम-एसटीए, आवृत्ती ६.३०.२२३.२७१, आणि त्यापुढे अॅडेड असा शब्द आहे. आरएफकिलमध्ये कोठेही ब्लॉक नाही.

तारेचे कार्ड रिअलटेकचे आहे, क्रमांक १०ईसी:८१३६, आणि त्याला आर८१६९ हा ड्रायव्हर लागलेला दिसतो. परंतु लॅपटॉपच्या लॅनच्या खाचेतील दोन पिना वाकलेल्या आहेत, त्यामुळे केबल लावून उपयोग होत नाही. शिवाय राउटर वाचनालयात नाही. शेजारच्या घरी गेल्या महिन्यात फायबर आले आहे, आणि त्यांनी आम्हाला पासवर्ड देऊन ठेवला आहे.

टिळकवाडीकर | १५ जुलै, सकाळी ९:५५

गुरुजी (निवृत्त म्हणालात, त्यावरून अंदाज करतो), आपण आणलेले पॅकेज बरोबर आहे. अडचण दुसरीकडे आहे आणि ती आपल्या तिसऱ्या उत्तरातील एका शब्दात आहे.

आधी फर्मवेअरविषयी, कारण डेबियन १२ नंतर हा गोंधळ फार ठिकाणी दिसतो. फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या पोटात चढवायचा प्रोग्राम. ड्रायव्हर म्हणजे कर्नल आणि कार्ड यांच्यामधला दुभाषी. दुभाषी नसेल तर दोन शहाणी माणसे कशी एकमेकांकडे पाहत बसतात, हे आपल्या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून मुक्त नसलेले फर्मवेअर अधिकृत प्रतिमेत घ्यायचे ठरवले, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये त्यासाठी नॉन-फ्री-फर्मवेअर हा स्वतंत्र विभाग झाला. इंटेलच्या किंवा रिअलटेकच्या बहुतेक कार्डांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीच असतात आणि कमतरता फक्त फर्मवेअरची असते, त्यामुळे त्यांचा प्रश्न या निर्णयाने सुटला. आपल्या बीसीएम४३१४२ कार्डाला मात्र कर्नलमध्ये दुभाषीच नाही. बीसीएमए हा नुसता कार्डापर्यंतचा पूल आहे, त्यावरून पुढे बोलणारा कोणी नाही. त्यासाठी डब्ल्यूएल नावाचा कंपनीचा बंद ड्रायव्हर घ्यावा लागतो, आणि तो ड्रायव्हर असल्यामुळे नॉन-फ्री या वेगळ्या विभागात आहे. तो प्रतिमेत येत नाही.

आता डीकेएमएसविषयी. डब्ल्यूएल अर्धा तयार असतो आणि अर्धा आपल्या यंत्रावर तयार व्हावा लागतो. त्याचा गाभा कंपनीने आधीच बांधून दिलेला असतो, तो कोणाला वाचता येत नाही. त्याभोवतीचे वेष्टन सी भाषेत उघडे असते आणि ते प्रत्येक कर्नलसाठी नव्याने बांधावे लागते. डीकेएमएस हे बांधकाम करतो. बांधण्यासाठी त्याला त्याच कर्नलच्या हेडर फायली लागतात. त्या नसतील तर तो बांधकाम सोडून देतो, पण पॅकेज बसवणे अपयशी ठरवत नाही. हेडर नाहीत म्हणून काम वगळले अशी एक ओळ येऊन जाते. आपण चार पॅकेजे एकदम बसवली तेव्हा ती वर सरकून गेली असणार. अॅडेड म्हणजे सामान आवारात उतरवले आहे. तेथे इन्स्टॉल्ड हा शब्द यायला हवा.

आपण विचाराल की मग हेडरही खानापुरातून आणू का. आणू नका. आपला कर्नल ६.१.०-१८ आहे, म्हणजे १२.५ च्या प्रतिमेतला. जूनअखेरीस १२.६ आले आणि भांडारात आता ६.१.०-२२ चे हेडर आहेत. ते आणले तर आपल्या चालू कर्नलशी जुळणार नाहीत आणि पुन्हा तोच प्रकार होईल.

पेनड्राइव्हची वारी सोडा आणि मोबाइल केबलने जोडा. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर यूएसबी टेदरिंग असते. ते सुरू केले की लॅपटॉपला ती तारेची जोडणी वाटते, कोणताही ड्रायव्हर लागत नाही. मोबाइलचा डेटाच खर्ची पडेल असेही नाही. मोबाइल शेजाऱ्यांच्या वायफायवर असेल तर तेच इंटरनेट केबलमधून लॅपटॉपला मिळते. एवढे झाले की ईटीसीखालील एपीटी फोल्डरमधील सोर्सेस.लिस्ट या फायलीत जेथे मेन नॉन-फ्री-फर्मवेअर असे आहे तेथे कॉन्ट्रिब आणि नॉन-फ्री हे दोन शब्द प्रत्येक ओळीत वाढवा, सुडो एपीटी अपडेट द्या, आणि मग एकाच आज्ञेत लिनक्स-इमेज-एएमडी६४, लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ आणि ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस ही तिन्ही मागवा. पहिली दोन नावे मुद्दाम अशीच, पुढे आवृत्ती न लावता द्यायची. त्यामुळे कर्नल आणि हेडर बरोबरीने पुढे सरकतात आणि प्रत्येक नव्या कर्नलसाठी डीकेएमएस ड्रायव्हर आपोआप बांधतो. मग यंत्र पुन्हा सुरू करा.

कंदील | १५ जुलै, दुपारी १:३०

टिळकवाडीकरांचा उपाय चालेल, यात शंका नाही. परंतु मुलांच्या वाचनालयासाठी तो सुचवताना दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्याच्या आत काय आहे हे कोणालाही पाहता येत नाही असा भाग आपण थेट कर्नलमध्ये बसवत आहोत. या ड्रायव्हरची आवृत्ती ६.३०.२२३.२७१ ही २०१५ सालची आहे. त्यानंतर कर्नल बदलत गेला आणि वेष्टनाला ठिगळे लावण्याचे काम डेबियनसारख्या लिनक्स वितरणांचे स्वयंसेवक करत आले. गाभ्याला कोणीही हात लावू शकत नाही.

या कंपनीच्या जुन्या कार्डांची कथा वेगळी आहे आणि ती मला फार आवडते. कागदपत्रे मिळत नव्हती, तेव्हा काही जणांनी बंद ड्रायव्हर उकलून तो कार्डाशी नेमके काय बोलतो ते लिहून काढले आणि दुसऱ्या गटाने, मूळ ड्रायव्हरकडे न पाहता, केवळ त्या टिपणांवरून नवा ड्रायव्हर लिहिला. उकलणारे आणि लिहिणारे वेगळे ठेवले, म्हणजे नक्कल केल्याचा आरोप येऊ नये. तो २००६ मध्ये २.६.१७ या कर्नलमध्ये आला, आणि २००८ च्या जानेवारीत, २.६.२४ मध्ये, त्याची जागा बी४३ या नव्या मुक्त ड्रायव्हरने घेतली. सप्टेंबर २०१० मध्ये कंपनीनेच काही नव्या चिपांसाठी मुक्त ड्रायव्हर दिला. बीसीएम४३१४२ दोन्हींच्या मध्ये कोठेतरी राहून गेली.

माझा सल्ला असा की कार्डच बदलावे. अथेरॉसच्या ज्या कार्डांना एटीएच९के ड्रायव्हर लागतो त्यांना वेगळे फर्मवेअर चढवावेच लागत नाही. लॅपटॉप उघडायचा नसेल तर एआर९२७१ चिपचे यूएसबी वायफाय घ्यावे. त्याचे फर्मवेअर २०१३ पासून मुक्त आहे.

येळ्ळूरकर | १५ जुलै, दुपारी ३:१०

लॅपटॉप दुरुस्ती हाच माझा व्यवसाय आहे, म्हणून कंदील यांच्या सल्ल्यात थोडी भर घालतो.

कार्ड बदलण्यापूर्वी झाकण उघडून खाच पाहावी. जुन्या यंत्रांत अर्ध्या लांबीचे मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्ड असते, नंतरच्या यंत्रांत एम.२ असते, एकाचे दुसऱ्यात बसत नाही. अँटेनाच्या तारांची टोकेही वेगळी असतात, एम.२ कार्डावरची बारीक असतात. ती टोके नखाने सरळ वर उचलावीत. तार धरून ओढली की टोक तारेपासून सुटते, आणि मग माझ्यासारख्याकडे यावेच लागते. आणखी एक अडचण अशी की काही कंपन्यांनी बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) परवानगी असलेल्या कार्डांची यादी घालून ठेवली आहे. यादीबाहेरचे कार्ड लावले तर यंत्र सुरूच होत नाही.

यूएसबी वायफाय घेतानाही मॉडेलच्या नावावर जाऊ नये. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीत एआर९२७१ होती. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची चिप आहे. खोके जवळजवळ सारखेच दिसते. आवृत्ती पाठीवरच्या कागदावर बारीक अक्षरांत व्ही१, व्ही२ अशी छापलेली असते. मराठी गिऱ्हाईक दुकानात एकच वाक्य म्हणते, की लिनक्सला चालणारे द्या. दुकानदारही एकच उत्तर देतो, की सगळ्याला चालते.

टिळकवाडीकर | १५ जुलै, सायंकाळी ६:४५

कंदील, तत्त्व मान्य आहे. माझ्या स्वतःच्या यंत्रात मीही अथेरॉसच लावले आहे. पण पावसाळ्यात जांबोटीच्या पुढे राहणाऱ्या माणसाला आधी असलेल्या कार्डावर इंटरनेट मिळू द्या. कार्ड मागवण्यासाठीही इंटरनेट लागेल.

निपाणीकर | १५ जुलै, रात्री ८:५०

माझ्या कार्डाचा क्रमांक १०ईसी:बी७२३, ड्रायव्हर आरटीएल८७२३बीई.

मलप्रभाकाठ | १६ जुलै, रात्री ९:३०

आजचा वृत्तान्त.

माझा मोबाइल जुना, त्यात टेदरिंग सापडले नाही. शेजारच्या मुलीचा मोबाइल घेतला, तर त्याची भाषा कन्नड. मला कन्नड वाचता येते, पण मोबाइलच्या यादीतील कन्नड हे शाळेतल्या कन्नडापेक्षा वेगळेच निघाले. शेवटी तिनेच दोन टिचक्यांत जागा काढून दिली. तरी ते बटण फिके, दाबता येईना. अर्धा तास गेल्यावर लक्षात आले की केबल फक्त चार्जिंगची आहे, तिच्यातून माहितीचे वहन होत नाही. तिच्या घरातली मोबाइलसोबत आलेली मूळ केबल आणली आणि लावताक्षणी बटण जिवंत झाले. लॅपटॉपच्या पट्टीवर तारेची जोडणी झाली असा संदेशही आला. मोबाइल भिंतीलगतच्या खिडकीत, शेजाऱ्यांचे वायफाय जेथे नीट लागते तेथे, छत्रीच्या मुठीला टेकवून ठेवला होता.

टिळकवाडीकरांनी सांगितल्याप्रमाणे सर्व केले. या वेळी डीकेएमएसचे बांधकाम डोळ्यांनी पाहिले, पंखा फिरू लागला, आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावर स्टेटसमध्ये इन्स्टॉल्ड हा शब्द आला. यूनेम आता ६.१.०-२२ सांगतो. वायफाय मात्र अजून नाही. मॉडप्रोब डब्ल्यूएल अशी आज्ञा दिली, तर की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस असे उत्तर आले. कोणती किल्ली आणि कोणती सेवा? वाचनालयाची किल्ली तर माझ्या खिशात आहे.

टिळकवाडीकर | १६ जुलै, रात्री १०:१५

छान झाले, आता एकच दार उरले आहे. आपल्या यंत्रात सिक्युअर बूट सुरू आहे. ते सुरू असताना कर्नल फक्त ओळखीच्या सहीचे भाग आत घेतो. डेबियनच्या कर्नलवर ओळखीची सही असते. आपल्या यंत्रावर आज बांधलेल्या डब्ल्यूएलवर डीकेएमएसने केलेली सही यंत्राच्या ओळखीची नाही. म्हणून ती नाकारली गेली.

बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करणे हा एक मार्ग, आणि तो दोन मिनिटांचा आहे. दुसरा मार्ग म्हणजे डीकेएमएसच्या सहीची ओळख यंत्राला करून देणे, आणि मी तो सुचवेन. डीकेएमएसने आपली सार्वजनिक किल्ली व्हार, लिब, डीकेएमएस या फोल्डरमध्ये एमओके.पब या नावाने ठेवलेली असते. सुडो एमओकेयूटिल --इम्पोर्ट आणि पुढे त्या फायलीचा पूर्ण पत्ता अशी आज्ञा द्या. ती एक तात्पुरता पासवर्ड मागेल. मग यंत्र पुन्हा सुरू करा. डेबियन सुरू होण्यापूर्वी एक निळा पडदा येईल. त्यात एनरोल एमओके, मग कंटिन्यू, मग यस, मग तो पासवर्ड, आणि शेवटी रीबूट.

नंदगडच्या बाई | १६ जुलै, रात्री १०:४०

गुरुजी, त्या निळ्या पडद्यासमोरून उठू नका. दहा सेकंदांत कोणतीही कळ दाबली नाही तर यंत्र तसेच पुढे निघून जाते. आणि पासवर्ड साध्या रोमन अक्षरांचा किंवा अंकांचा ठेवा. त्या पडद्याला आपला इनस्क्रिप्ट कळफलक ठाऊक नसतो. माझ्या शाळेतल्या लॅपटॉपवर मी विशेष चिन्हे असलेला भारदस्त पासवर्ड ठेवला आणि तीन वेळा फसले, कारण तेथे ती चिन्हे वेगळ्या कळांवर होती.

मलप्रभाकाठ | १७ जुलै, दुपारी १२:०५

बाई, आपला निरोप मी सकाळी वाचला. त्याआधी रात्रीच पहिला प्रयत्न केला होता आणि निळा पडदा येण्याच्या वेळी मी कंदिलात तेल घालत होतो (मंचावरील नव्हे, खऱ्या). सकाळी इम्पोर्टची आज्ञा पुन्हा दिली, खुर्चीवरून हललो नाही, आठ अंकांचा पासवर्ड टाकला. डब्ल्यूएल आत गेला. पट्टीवर प्रथमच वायफायचे चिन्ह आले आणि त्यात चार नावे दिसली.

पण एक विचित्र गोष्ट आहे. त्या चारांत गावातील पतपेढीचे, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचे आणि दोन मोबाइलचे हॉटस्पॉट दिसते. भिंतीपलीकडचे, ज्याचा पासवर्ड माझ्याजवळ आहे, तेवढेच दिसत नाही. त्याच जागी ठेवलेल्या मोबाइलला ते पूर्ण ताकदीने दिसते. ड्रायव्हर अर्धवट बसला असेल का?

येळ्ळूरकर | १७ जुलै, दुपारी १:२०

ड्रायव्हर पूर्ण बसला आहे. बीसीएम४३१४२ हे कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते. ५ गिगाहर्ट्झचे त्याला कानच नाहीत. शेजाऱ्यांच्या नव्या राउटरमध्ये दोन्ही पट्टे असतील, पण जोडणी करून देणाऱ्याने वेग चांगला दिसावा म्हणून एकच, ५ चा, सुरू ठेवला असेल. मी आठवड्याला दोन तरी अशी यंत्रे पाहतो, आणि लोक त्याआधी कार्ड बदलून आलेले असतात. राउटरच्या पानावर जाऊन २.४ चा पट्टा सुरू करायला सांगा आणि त्याला वेगळे नाव द्या. भिंतीतून जाण्याच्या कामी २.४ उलट बरे.

टिळकवाडीकर | १७ जुलै, दुपारी २:००

येळ्ळूरकरांचे निदान मला अचूक वाटते. २.४ च्या पट्ट्याला सुरक्षा डब्ल्यूपीए-२ ठेवा, केवळ डब्ल्यूपीए-३ ठेवू नका, कारण डब्ल्यूएल ड्रायव्हरला डब्ल्यूपीए-३ येत नाही. नाव दिसेल, पण जोडणी होणार नाही आणि आपण पुन्हा ड्रायव्हरला दोष देत बसाल.

निपाणीकर, आपला विषय राहून गेला. आरटीएल८७२३बीई हे कार्ड ज्या लॅपटॉपांत एकाच अँटेनासह बसवलेले असते त्यांतल्या काहींत ड्रायव्हर रिकाम्या जोडाकडे कान लावून बसतो आणि म्हणून राउटरशेजारीच ऐकू येते. ईटीसीखालील मॉडप्रोब.डी या फोल्डरमध्ये एक नवी फाइल करून तिच्यात एकच ओळ लिहा: ऑप्शन्स, मग आरटीएल८७२३बीई, मग एएनटी_एसईएल=२. यंत्र पुन्हा सुरू करा. फरक पडला नाही तर २ च्या जागी १ लिहून पाहा. कोणता आकडा लागेल हे तार कोणत्या जोडाला लावली आहे त्यावर आहे.

निपाणीकर | १७ जुलै, रात्री ९:१५

२ ने काही झाले नाही, १ ने झाले. आता माडीवरून लिहीत आहे. दोन वर्षे मी राउटरच्या खालच्या पायरीवर बसून काम करत होतो आणि घरचे समजत होते की मला तेथे वारा चांगला लागतो.

मलप्रभाकाठ | १८ जुलै, सायंकाळी ५:४०

शेजाऱ्यांच्या मुलीनेच राउटरचे पान उघडून २.४ सुरू केले आणि त्याला वाचनालय असे नाव दिले. ते नाव माझ्या यादीत पाचवे म्हणून आले आणि पासवर्ड पहिल्याच वेळी लागला. आज चार मुलांनी त्यावर जोगच्या धबधब्याची चित्रे पाहिली.

कंदील, आपला मुद्दा मी विसरलेलो नाही. पाऊस ओसरला की येळ्ळूरकरांकडे यंत्र घेऊन येईन. लॅनच्या पिनाही सरळ करून घ्यायच्या आहेत, तेव्हा झाकण उघडलेलेच असेल. त्याच वेळी आत कोणती खाच आहे ते पाहू.

एक बारीकसारीक शंका उरली. झाकण मिटून ठेवले आणि पुन्हा उघडले, की कधीकधी वायफायची यादी रिकामी असते. यंत्र पुन्हा सुरू केले की येते.

टिळकवाडीकर | १८ जुलै, सायंकाळी ६:३०

यंत्र पुन्हा सुरू करण्याची गरज नाही. सुडो मॉडप्रोब -आर डब्ल्यूएल देऊन ड्रायव्हर काढा आणि सुडो मॉडप्रोब डब्ल्यूएल देऊन परत घाला. पाच सेकंदांत यादी येईल. मुलांच्या हाती टर्मिनल द्यायचे नसेल तर झाकण मिटल्यावर निद्रा घेऊ नये असे एक्सएफसीईच्या पॉवर मॅनेजरमध्ये ठरवून टाका.

येळ्ळूरकर | १८ जुलै, रात्री ८:००

गुरुजी, सोमवारी दुकान बंद असते. येताना अॅडाप्टरही आणा, आणि पेनड्राइव्हवर महत्त्वाच्या फायलींची प्रत काढून ठेवा.

मलप्रभाकाठ | १८ जुलै, रात्री ८:२०

मंगळवारी येतो. पॉवर मॅनेजरमध्ये बदल केला आहे.